दाढ भरून घेण्यापूर्वी : रुग्ण व नातेवाईकांसाठी चार शब्द



वार्षिक अहवाल म्हटला की ताळेबंद, जमाखर्चाची पत्रके, नव्या यंत्रसामग्रीची छायाचित्रे आणि आभार असा क्रम ठरलेला असतो. त्यातच आरोग्यशिक्षणाची दोन-चार पाने असावीत, असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. यंदा त्या पानांसाठी आम्ही अगदी साधा विषय निवडला आहे : किडलेली दाढ भरून घेणे. हृदयविकार, मधुमेह, कर्करोग असे विषय समोर असताना दाढेसारख्या किरकोळ गोष्टीवर लेख कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर आम्हांस हिशेबाच्या वहीत सापडले.

आम्ही वैद्यकीय शाखेचे नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन रुग्णालयाच्या कार्यालयात आलो आणि पावतीपुस्तके, बिले व केसपेपर यांच्या सहवासात नोकरीची वर्षे सरली. दंतविभागाच्या पावत्या तपासताना एक गोष्ट सतत खटकत आली. दाढ काढल्याच्या पावत्या भराभर फाटतात. दाढ भरल्याच्या मात्र त्या मानाने थोड्या. याचा अर्थ रुग्ण येतात, पण वाचविण्याजोगे फारसे उरलेले नसताना येतात. दंतविभागातील डॉक्टरांना याचे कारण विचारले, तेव्हा त्यांनी पैशाची अडचण सांगितलीच. पण त्याच्याही आधी सांगितली ती भीती. खुर्चीवर बसविल्यावर नेमके काय करतात, किती दुखते, किती वेळ लागतो, हे ठाऊक नसल्यामुळे माणसे दिवस ढकलतात. ही भीती माहितीने कमी होण्यासारखी आहे, म्हणून हा लेखनप्रपंच. पुढील मजकूर दंतविभागाकडून तपासून घेतला आहे. भाषा मात्र आमची आहे.

कीड म्हणजे काय?

'दाताला कीड लागली' असे आपण म्हणतो. धान्याला किंवा पिकाला लागते तशीच ही कीड असावी आणि दाढेत कोठेतरी किडा दडून बसला असावा, असे या शब्दामुळे वाटते. या समजुतीवर पोट भरणारे लोकही आहेत. जत्रेत वा आठवडी बाजारात धुरी देऊन वाटीतल्या पाण्यात 'दाताचे किडे' काढून दाखविणारे काही वाचकांनी पाहिले असतील. ते किडे दातातून आलेले नसतात. फ्रान्समधील दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथातच किड्याची ही कल्पना अमान्य केली होती. पुढे १८९० साली विलोबी मिलर या संशोधकाने तोंडातील जंतू आणि अन्न यांचा संबंध दाखवून खऱ्या कारणाची मांडणी केली.

ते कारण असे. दातांवर जंतूंचा एक चिकट थर सतत साचत असतो. आपण साखर किंवा पिठूळ पदार्थ खाल्ले की हे जंतू त्यांपासून आम्ल तयार करतात. या आम्लाने दाताच्या बाह्य कवचातील क्षार विरघळू लागतात. लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि गेलेले क्षार काही प्रमाणात परत आणून बसविते. परंतु त्यासाठी तिला उसंत मिळावी लागते. म्हणून किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, याला महत्त्व अधिक. सणाच्या दिवशी जेवणात खाल्लेल्या दोन पुरणपोळ्यांपेक्षा दिवसभरात पाच वेळा चहात बुडवून खाल्लेली बिस्किटे दातांना अधिक बाधतात.

कीड पायरीपायरीने आत उतरते आणि प्रत्येक पायरीवर उपचार बदलतो. प्रारंभी दातावर केवळ खडूसारखा पांढरा डाग दिसतो. या अवस्थेत फ्लोराइड आणि स्वच्छता यांच्या साहाय्याने दात भरल्यावाचूनही सावरू शकतो. मग इनॅमल नावाच्या बाहेरच्या कवचात खड्डा पडतो. त्या कवचात संवेदना नसल्यामुळे अद्यापही दुखत नाही. कीड त्याखालच्या डेंटिन या थरात पोहोचली की गार पाण्याने किंवा गोडाने दाढ शिवशिवते. शेवटी ती दाताच्या गाभ्यातील नसेपर्यंत जाते. मग रात्रीची झोप उडविणारा ठणका सुरू होतो.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. दुखत नाही म्हणजे दाढ चांगली आहे, हा पहिला; भरण्याची सर्वांत योग्य वेळ दुखण्याच्या आधीचीच असते. ठणका आपोआप थांबला म्हणजे दाढ बरी झाली, हा दुसरा. अशा वेळी बहुधा आतील नस मृत झालेली असते आणि पू मुळाशी साचू लागतो. दुखऱ्या दाढेत तंबाखू किंवा मिश्री दाबून ठेवण्याची सवय आपल्याकडे आजही आढळते. तिने कीड थांबत नाही आणि तोंडाच्या कर्करोगाला मात्र निमंत्रण मिळते. लवंगेच्या तेलाने थोडा वेळ आराम पडतो, पण तो उपचार नव्हे.

येताना काय लक्षात ठेवावे?

अनेक रुग्ण दाढ भरण्यासाठी उपाशी येतात. शस्त्रक्रियेपूर्वी काही खायचे नसते, हे कोठेतरी ऐकलेले असते. दाढ भरण्यासाठी उपाशी राहण्याची आवश्यकता नाही. उलट नेहमीप्रमाणे जेवून, आपली रोजची औषधे घेऊन आणि दात घासून यावे. मधुमेही रुग्णांनी तर उपाशी मुळीच येऊ नये.

रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयाच्या झडपेचा विकार, पूर्वी एखाद्या इंजेक्शनाने आलेली रिअॅक्शन, तसेच गर्भारपण या गोष्टी डॉक्टरांना आधी सांगाव्यात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तीही सांगावी. आपल्या मनाने ती बंद करू नये. चालू औषधांची चिठ्ठी खिशात असली तर सर्वांचाच वेळ वाचतो.

खुर्चीवर बसल्यावर

प्रथम तपासणी होते. छोटा आरसा आणि बारीक टोकाचे हत्यार घेऊन डॉक्टर सर्वच दात पाहतात. दोन दाढांच्या फटीतील कीड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, यासाठी एक छोटा एक्स-रे काढावा लागतो. त्यातील किरणांचे प्रमाण अत्यल्प असते.

कीड उथळ असेल तर भुलीचे इंजेक्शन न देताही काम होते. खोल असेल तर हिरडीजवळ ते द्यावे लागते. सुई टोचताना क्षणभर कळ येते, औषध आत जाताना थोडा ताण जाणवतो आणि काही मिनिटांत ओठ, गाल किंवा अर्धी जीभ जड पडते. ओठ सुजल्यासारखा वाटतो, पण आरशात पाहिल्यास तो होता तसाच असतो. ही भूल केवळ तेवढ्या भागापुरती असते. रुग्ण शुद्धीवर असतो, ऐकू शकतो, खुणा करू शकतो. मध्येच दुखले तर डावा हात वर करावा, डॉक्टर थांबतात. सहन करीत बसण्यात शौर्य नाही.

त्यानंतर किडलेला भाग काढण्यात येतो. ज्या यंत्राच्या आवाजाची सर्वांना धास्ती असते, ते एअरोटर हेच. हवेच्या दाबाने त्याचे टोक मिनिटाला तीन ते चार लाख फेरे फिरते. १९५७ साली ही यंत्रे बाजारात आली, तोपर्यंतची यंत्रे फारच संथ होती आणि त्यांची घरघर रुग्णाच्या डोक्यात भिनत असे. आजच्या यंत्राची शीळ कानाला बोचते खरी, पण काम लवकर आटोपते. दाढ तापू नये म्हणून पाण्याचा फवारा चालू असतो आणि ते पाणी तोंडातील नळीने ओढून घेतले जाते. किंचित जळकट वास आला तरी घाबरू नये.

पूर्वी भविष्यकाळाची तरतूद म्हणून आजूबाजूचा निरोगी भागही कोरण्याची पद्धत होती. आता साहित्य सुधारल्यामुळे जेवढे किडले तेवढेच काढावे आणि निरोगी दात जपावा, असा दंडक आहे.

खड्डा स्वच्छ झाल्यावर भरण होते. शेवटी रुग्णाला एक रंगीत कागद चावावयास देतात. त्याचा ठसा जेथे गडद उमटेल तेथे भरण उंच राहिले आहे असे समजून ते घासून सारखे केले जाते. बधिरपणामुळे चावा नीट कळत नाही, म्हणून ही पायरी घाईने उरकू देऊ नये. साध्या दाढेचे हे सारे काम बहुधा अर्ध्या-पाऊण तासात पूर्ण होते.

कीड नसेच्या अगदी जवळ गेली असेल, तर डॉक्टर आत औषध ठेवून तात्पुरते सिमेंट भरतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. येथे आमची कळकळीची विनंती आहे. तात्पुरत्या सिमेंटाने दुखणे थांबते आणि अनेक रुग्ण दुसऱ्या तारखेला येतच नाहीत. ते सिमेंट झिजते, निघते आणि काही महिन्यांनी तीच दाढ काढण्यासाठी तेच रुग्ण पुन्हा रांगेत उभे असतात. दुसरी तारीख हा उपचाराचा उत्तरार्ध आहे, हे नातेवाईकांनी लक्षात ठेवावे.

कशाने भरतात?

सर्वसाधारणपणे तीन प्रकारचे साहित्य वापरात आहे. कोणते वापरावे, हे खड्ड्याची जागा, खोली, दाढेवरचा ताण आणि रुग्णाची ऐपत पाहून ठरते.

'चांदी' या नावाने आपण जिला ओळखतो, ती शुद्ध चांदी नसते. चांदी, कथिल व तांबे यांची भुकटी आणि सुमारे निम्मा पारा यांचे ते मिश्रण असते. ते मजबूत व स्वस्त असल्याने दीड शतकाहून अधिक काळ टिकले. तथापि पाऱ्यामुळे होणारे प्रदूषण रोखण्यासाठी २०१३ साली झालेल्या मिनामाता करारात त्याचा वापर घटविण्याचे ठरले. भारताने २०१८ मध्ये त्या करारास संमती दिली आणि त्याचा वापर मागे पडत चालला आहे. ज्यांच्या दाढेत जुनी चांदी शाबूत आहे, त्यांनी केवळ भीतीपोटी ती उकरून काढण्याचा आग्रह धरू नये.

दुसरे कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे भरण. सौम्य आम्लाने दाताचा पृष्ठभाग किंचित खरबरीत करून ते चिकटवितात आणि निळ्या प्रकाशाने थराथराने घट्ट करतात. जागा पूर्ण कोरडी असावी लागते, म्हणून तोंडात कापसाच्या गुंडाळ्या ठेवतात. काम वेळखाऊ व खर्च अधिक, पण दात मूळच्यासारखा दिसतो.

तिसरे ग्लास आयोनोमर सिमेंट. १९७० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये विकसित झालेले हे साहित्य दाताला आपोआप चिकटते आणि थोडेथोडे फ्लोराइडही सोडते. मात्र चावण्याच्या जोरापुढे ते कॉम्पोझिटपेक्षा लवकर झिजते. १९८० नंतर टांझानियात हातातील हत्यारांनी कीड खरवडून काढून असे सिमेंट भरण्याची पद्धत आकारास आली आणि १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. या पद्धतीत विजेची आणि यंत्राची गरज नसल्यामुळे गावोगावच्या शिबिरांत ती फार उपयोगी ठरते. याच संघटनेने २०२१ साली या सिमेंटाचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला, यावरून त्याचे मोल ध्यानात यावे.

घरी गेल्यानंतर

१. भूल दोन-तीन तासांत उतरते. तोपर्यंत गरम चहा घेऊ नये व काही चावून खाऊ नये, कारण जीभ वा गाल भाजला किंवा चावला गेला तरी कळत नाही.

२. चांदी किंवा सिमेंट भरले असल्यास त्या बाजूने चोवीस तास कठीण पदार्थ चावू नयेत. कॉम्पोझिट खुर्चीवरच घट्ट होते, त्याला इतका काळ थांबावे लागत नाही.

३. काही दिवस गार पाण्याने दाढ शिवशिवणे स्वाभाविक आहे. ते दिवसागणिक कमी होत गेले पाहिजे.

४. दात मिटताना भरलेली दाढ आधी टेकत असेल, रात्री आपोआप ठणका येत असेल, गरम पदार्थाने उठलेली कळ बराच वेळ थांबत नसेल किंवा सूज आली असेल, तर तारखेची वाट न पाहता यावे. उंच राहिलेले भरण पाच मिनिटांत सारखे करता येते.

५. भरलेली दाढ ही पुन्हा न किडणारी दाढ नव्हे. भरणाच्या कडेने कीड पुन्हा शिरू शकते. फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा, त्यातही रात्री झोपण्यापूर्वी, दात घासणे आणि वर्षातून एकदा तपासणी करून घेणे आवश्यक आहे.

मुलांच्या बाबतीत

'दुधाचे दात पडायचेच आहेत, मग भरायचे कशाला?' हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. दुधाच्या शेवटच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातांची जागा राखून ठेवतात. त्या आधीच काढाव्या लागल्या तर पुढचे दात वेडेवाकडे येण्याचा संभव असतो.

याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून घरात कोणाच्या ध्यानात येत नाही आणि पालक तिलाही दुधाचीच समजतात. ती कायमची पहिली दाढ असते. जन्मभर चावण्याचा मोठा भार तिच्यावर असतो आणि तिच्या खोल खाचांमुळे कीडही तिलाच लवकर लागते. मूल सहा-सात वर्षांचे झाले की त्याला उजेडात उभे करून तोंड उघडून पाहावे. या परिच्छेदापलीकडे लेखातील काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, इतके याचे महत्त्व आहे.

मुलांना 'गप्प बस, नाहीतर डॉक्टरांना सुई टोचायला सांगेन' असा धाक घालू नये. त्या धाकाची किंमत पुढे त्या मुलाच्या दातांना मोजावी लागते.

आमच्याकडून झालेली एक चूकही येथे नमूद केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका लहान मुलाची खालची दाढ भरून झाल्यावर आम्ही त्याला घरी पाठविले. बधिर झालेला ओठ त्याने गंमत म्हणून चावला आणि दुसऱ्या दिवशी ओठावर मोठी जखम व सूज घेऊन त्याची आई कार्यालयात आली. 'हे मला कोणी का सांगितले नाही?' हा तिचा प्रश्न रास्त होता. उपचारात दोष नव्हता, सांगण्यात होता. जखम काही दिवसांत भरली, पण त्या माउलीची आम्ही क्षमा मागितली आणि तेव्हापासून सूचनांचा छापील कागद हाती दिल्याशिवाय व तो वाचून दाखविल्याशिवाय मुलाला सोडावयाचे नाही, असा नियम केला.

विलंबाचा हिशेब

इतरांना उपदेश करणे सोपे असते. आमच्या टेबलापासून दंतविभाग चाळीस पावलांवर आहे. तरीही आमची उजवीकडची खालची दाढ गोड खाल्ले की शिवशिवते, हे ठाऊक असून आम्ही दीड वर्ष तिकडे फिरकलो नाही. आधी मार्चअखेर आली, मग हिशेब तपासनीस आले, मग धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करावयाची पत्रके. कामे खरी होती, पण त्यांच्याआड भीतीही होती, हे आज कबूल करतो. शेवटी एका रात्री दाढेने जागे ठेवले. सकाळी डॉक्टरांनी एक्स-रे पाहून एवढेच विचारले, 'साहेब, गेल्या वर्षी का नाही आलात?' जे काम एका बैठकीत भागले असते, त्यासाठी रूट कॅनालच्या तीन खेपा आणि वरून कॅप, एवढा व्याप झाला. खर्च तर दाढ भरण्याच्या कित्येक पट. आयुष्यभर इतरांच्या बिलांवर सही करणाऱ्या आम्हांला त्या बिलाने जो धडा दिला, तो येथे मांडला आहे.

आमच्यासारख्या पगारदारास तो खर्च झेपला. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसापुढे त्या टप्प्यावर एकच मार्ग उरतो, तो म्हणजे दाढ काढणे. एक दाढ गेली की समोरची दाढ लांबते, शेजारच्या कलतात, चावण्याची बाजू बदलते. 'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत' या म्हणीतील दुसरा अर्धा भाग आपण आपल्याच हाताने ओढवून घेतो.

देणगीदारांस एक नम्र निवेदन. खाटेवर, खोलीवर, यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. भरलेल्या दाढेवर ती लावता येत नाही. न काढाव्या लागलेल्या दाढेची तर अहवालात नोंदसुद्धा होत नाही. तरीही एखाद्या शाळेतील मुलांची तपासणी आणि सहाव्या वर्षीच्या दाढांचे वेळीच झालेले भरण, यांसाठी दिलेली लहानशी रक्कम त्या मुलांच्या पुढील पन्नास-साठ वर्षांच्या जेवणात जमा होत असते. आमच्या वाणिज्य शाखेत याहून चांगली गुंतवणूक आम्हांस शिकविण्यात आली नव्हती.

रुग्णांच्या आप्तेष्टांस विनंती एवढीच, की आज रात्री जेवणानंतर घरातील लहानग्यांचे तोंड उजेडात पाहावे आणि मग आरशासमोर उभे राहून स्वतःचेही. काळा ठिपका किंवा लहानसा खड्डा दिसला, तर दुखण्याची वाट पाहू नये. बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढावा. पुढे काय होते, ते आता आपणास ठाऊक आहे.